खैरुद्दीन कोचची प्रगती

मुलगी फर्स्ट इयरला असताना तिच्या कॉलेजची टीम शारजात सात-शून्य अशी हरली, आणि त्या दिवशी मुरलीधर सरनोबत जेवले नाहीत. मुलगी जेवली. दोनदा भात घेतला. कॉलेजला फुटबॉलची टीम आहे हेच संजनाला त्या दिवशी कळलं होतं, तेही डॅडी ताटावर बसत नाहीत म्हणून.

"बट डॅडी, यू डोन्ट ईव्हन स्टडी देअर," ती म्हणाली.

"तुझी ॲडमिशन कोणी घेतली?" सरनोबतांनी विचारलं. "मग."

या 'मग'चा अर्थ संजनाला लागला नाही. स्मितावहिनींना लागला, कारण त्यांचा संसार अशाच 'मग'वर चालला होता. सरनोबत कोल्हापूरचे. बाकी महाराष्ट्रात फुटबॉल हा खेळ असतो, कोल्हापुरात ती पेठेची अब्रू असते. दुबईत येऊन करामा भागात बिऱ्हाड केल्यापासून हा माणूस उपाशी होता. डेरा भागातल्या एका कंपनीत एसीचे पार्ट खरेदी करायचे आणि घरी येऊन क्रिकेटच्या गप्पा ऐकायच्या. शारजात मॅच असली की सगळी बिल्डिंग गालांवर तिरंगे रंगवून निघायची आणि सरनोबत बाल्कनीत एकटेच उभे राहून दुसऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघायचे. अशा माणसाच्या पानात मुलीच्या कॉलेजची फुटबॉल टीम आयती येऊन पडली. मग तो ती सोडतो थोडाच.

त्या टीमला एक हेड कोच होता. खैरुद्दीन त्याचं नाव, राहणारा हैदराबादचा. त्याच्या हाताखाली दुसरा एकही कोच नसताना त्याला 'हेड' का म्हणायचं हा प्रश्न सरनोबतांना पहिल्याच दिवशी पडला. खैरुद्दीनला तो कधीच पडला नाही. काळा चष्मा, गळ्यात शिट्टी, पांढरेशुभ्र बूट अशा थाटात तो कुसैसच्या वाळूच्या मैदानावर उभा राहायचा, आणि त्याच्यासमोर टीम हरायची. ते सगळं वर्ष टीम हरली. शारजात हरली, अजमानला हरली, आणि एकदा पाहुणी टीम रस्ता चुकून उशिरा आली तर तिची वाट बघून दमल्यामुळे हरली.

सरनोबत दर शुक्रवारी तिथे हजर. मैदानाच्या कडेला सिमेंटच्या पायऱ्या होत्या, तिथे ते, शेजारी मटार सोलत स्मितावहिनी, आणि आजूबाजूला काही मांजरं. कोच हैदराबादी, पोरं निम्मी मल्याळी आणि निम्मी सिंधी-पठाण, तेव्हा आपलं बोलणं इथे समजणारं कोणी नाही अशा निर्धास्तपणे ते भरघोस मराठीत बोलत.

"बघ, बघ उभा कसा आहे. हा कोच नव्हे, लग्नात बूट सांभाळणारा पाहुणा आहे."

"हळू बोला."

"कशाला? त्याला काय कळतंय. डावी बाजू सताड उघडी पडलीय आणि हा चष्मा पुसतोय."

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कॉलेजात पालकांची सभा झाली. बाकीचे पालक फी, बस आणि कँटीनच्या समोशावर बोलले. सरनोबत उठले ते थेट बचावफळीवर बोलले. ते इतका वेळ बोलले की कँटीनच्या ज्या समोशांविषयी तक्रार झाली होती, तेच समोसे लोक निमूटपणे खाऊ लागले. डायरेक्टर कावेरी मॅडम म्हैसूरच्या, शांत बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मिस्टर सरनोबत, तुमच्याइतकं बारकाईनं या टीमकडे आमच्यापैकी कोणीच बघत नाही. खैरुद्दीनचा व्हिसा मार्चमध्ये संपतोय. रिन्यू करायचा की नाही हे मॅनेजमेंटला ठरवायचंय. तुम्ही हे वर्ष बघा आणि सीझन संपला की येऊन आम्हाला सांगा, कोचची प्रगती आहे की नाही. तुम्ही म्हणाल तसं करू."

सरनोबत टाळ्यांच्या गजरात खाली बसले. टाळ्या ते बसले म्हणून होत्या, हे त्यांना स्मितावहिनींनी घरी आल्यावर सांगितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या माणसाला इथे ठेवायचं की परत पाठवायचं, हे तुम्ही ठरवणार?"

"मी फक्त प्रगती सांगणार."

"आणि प्रगती नाही म्हणालात तर तो विमानात बसणार. एसीचा पार्ट परत करण्यासारखं नाही हे."

इतका वेळ सरनोबतांना फक्त आपला मान दिसत होता. आता त्याच्या मागे उभा असलेला माणूस दिसला आणि त्यांना जरा घाम फुटला. पण हो म्हणून बसले होते, आणि कोल्हापूरचा माणूस हो म्हणून मागे फिरत नाही, असं त्यांचं कोल्हापूरविषयीचं मत होतं.

बातमी बिल्डिंगीत पसरली. खाली अलीमियाँची कॅफेटेरिया होती. अलीमियाँ श्रीवर्धनचे, सरनोबतांना रोज संध्याकाळी चहा द्यायचे. त्यांनी ग्लास पुढे ठेवला आणि विचारलं, "सरनोबत, कंपनीत तुम्हाला पार्ट खरेदी करायला ठेवलंय ना?"

"हो."

"मग ते करा की."

वरच्या मजल्यावरचे सोमनाथ मयेकर मात्र खूश झाले. ते रुवैसच्या रिफायनरीत कामाला होते. आठवडाभर तिकडे वाळवंटात राहायचे आणि सुट्टीला घरी आले की जगातली प्रत्येक गोष्ट रिफायनरीसारखी कशी चालवता येईल ते सांगायचे. "सरनोबत, तुमची पद्धतच चूक," ते म्हणाले. "आमच्याकडे फर्नेसचं रीडिंग कोणी पार्किंगमधून घेत नाही. जवळ जावं लागतं. प्रेशर किती, टेम्परेचर किती, ते पायऱ्यांवर बसून काय कळणार? तुम्ही टीमच्या बाकावर बसा."

हे सरनोबतांना पटलं. आणि इथूनच खरं म्हणजे सगळं बिघडलं.

टीमच्या बाकावर बसायला लीगचा पास लागायचा. लीगचं ऑफिस शारजात एका गालिच्याच्या दुकानावर. तिथला क्लार्क इजिप्तचा, अतिशय गोड बोलणारा. त्यानं सरनोबतांना बसवलं, चहा पाजला, आणि 'बुक्रा' म्हणजे उद्या या म्हणून सांगितलं. बुक्राला गेले तर म्हणाला फोटो आणा. फोटो नेला तर म्हणाला मागचा पडदा निळा आहे, पांढरा हवा. पांढऱ्या पडद्याचा नेला तर त्यानं तो हौसेनं न्याहाळला, "हबीबी, व्हेरी नाईस," म्हणाला, आणि कंपनीची ना हरकत चिठ्ठी मागितली.

आता कंपनीच्या व्हिसावर असलेल्या माणसानं दुसरीकडे काम करणं म्हणजे मोठाच गुन्हा. सरनोबतांनी चिठ्ठी मागताच मॅनेजरनं खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही फुटबॉलमध्ये नोकरी धरलीय?"

"नाही साहेब. मी फक्त बसणार."

"बसून काय करणार?"

"बघणार."

"ते तुम्ही इथेही करताच," मॅनेजर म्हणाला. एवढ्या वर्षांच्या इमानी नोकरीनंतर हे ऐकावं लागलं. सरनोबत ते गिळून उभे राहिले. शेवटी सदर इसमानं सुट्टीच्या दिवशी लाकडी बाकावर विनावेतन बसण्यास कंपनीची हरकत नाही, असं इंग्रजी आणि अरबीत टाइप होऊन मिळालं. खाली गोल शिक्का.

ते घेऊन पुन्हा शारजा. क्लार्कनं सगळं तपासलं आणि कॉम्प्युटरपाशी अडला. मशीनमध्ये खेळाडू, कोच, मॅनेजर आणि मेडिकल एवढेच प्रकार होते. परीक्षक हा प्रकारच नव्हता. मॅनेजरच्या जागी कावेरी मॅडमचं नाव आधीच होतं.

"मेडिकल इज एम्प्टी," क्लार्क म्हणाला.

"आय ॲम नॉट मेडिकल."

"नो प्रॉब्लेम. इन्शाल्ला नोबडी विल फॉल."

अशा रीतीनं मुरलीधर सरनोबत, बी.कॉम., हे ग्रीनक्रेस्ट कॉलेजच्या फुटबॉल टीमचे वैद्यकीय अधिकारी झाले. पासबरोबर दंडाला बांधायची पट्टी आणि एक लाल पिशवी मिळाली. पिशवी रिकामी होती. स्मितावहिनींनी त्यात कापूस, पट्ट्या, लिंबू सरबताची बाटली आणि घरातली बामची मोठी डबी घातली. संजनानं ते सगळं बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "डॅडी, आय हॅव फ्रेंड्स इन दॅट कॉलेज." मग तिनं मॅचला न येण्याचं जाहीर केलं.

पहिल्या मॅचला सरनोबत बाकावर कोचच्या शेजारी बसले. खैरुद्दीननं चष्म्यातून त्यांच्याकडे, पट्टीकडे आणि पिशवीकडे पाहिलं. सरनोबतांनी मागे पायऱ्यांवर बसलेल्या स्मितावहिनींना मराठीत सांगितलं, "जवळून तर आणखीनच ध्यान दिसतोय."

"दिसणारच की," खैरुद्दीन मैदानावरची नजर न काढता म्हणाला. "लांबून माणूस बरा दिसतो."

मराठीत म्हणाला. सरनोबत त्याच्याकडे वळले.

"तुम्हाला मराठी येतं?"

"माझी सासुरवाडी नांदेडची, मियाँ. बायकोशी भांडायला शिकलो. लग्नात बूट सांभाळणारा पाहुणा, ते तर मी फोनवर तिला सांगितलं. लई हसली ती."

सरनोबतांना त्या क्षणी वाळूनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. वाळूनं घेतलं नाही, पण तेवढ्यात आपला लेफ्ट बॅक विघ्नेश धाडकन पडला, पाय धरून लोळू लागला, आणि रेफ्रीनं बाकाकडे हात केला. सरनोबत इकडेतिकडे बघू लागले.

"जा की," खैरुद्दीन म्हणाला. "मेडिकल."

सरनोबत पिशवी घेऊन धावले. ते शेवटचे कधी धावले होते हे स्मितावहिनींना आठवेना. मैदानाच्या मध्यावर पोचेपर्यंत त्यांचाच श्वास असा लागला की रेफ्रीनं आधी त्यांना विचारलं, आर यू ओके. त्यांनी गुडघे टेकले, डबी उघडली, आणि विघ्नेशच्या नडगीवर चांगला बोटभर बाम चोळला. नडगी सोलवटलेली होती हे त्यांच्या लक्षात आलं नाही. विघ्नेशच्या लक्षात आलं. तो जो उठला तो सरळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबला, आणि मॅच संपेपर्यंत पुन्हा पडला नाही. त्या दिवसापासून टीममधलं कोणीच पडेना. धक्का लागला, पोर खाली गेलं, बाकावर सरनोबत नुसते उभे राहिले, की ते पोर टुणकन उठून पळू लागे.

"बघा," खैरुद्दीन म्हणाला, "मेडिकलमध्ये प्रगती आहे."

त्याला सगळं माहीत होतं. कावेरी मॅडमनी त्याला सरळ सांगितलं होतं. सरनोबतांना वाटलं होतं, आता हा आपल्यापुढे गोड बोलेल, बिर्याणी पाठवेल. त्यानं तसलं काही केलं नाही. उलट दर शुक्रवारी ते भांडायचे. सरनोबतांचं म्हणणं, पोरांना लांब पास शिकवा. खैरुद्दीनचं म्हणणं, नक्को, आधी जवळचा तर येऊ द्या. पूर्ण हिवाळाभर तो पोरांकडून एकच गोष्ट घोटून घेत होता: विघ्नेशनं डाव्या कडेनं पळत जायचं, चेंडू खाली ठेवून आत द्यायचा, आणि मागून येईल त्यानं पाय लावायचा. पुन्हा पळायचं, पुन्हा द्यायचा. सरनोबतांना वाटे, हा प्रकार बघत बसण्यापेक्षा घरी जाऊन मटार सोललेले बरे. खैरुद्दीन काही फार मोठा कोच नव्हता. ऑफसाइडवरून तो स्वतःच गोंधळायचा, आणि कोणाच्या जागी कोणाला आत घालायचं हे विचारताना कधीकधी सरनोबतांच्या तोंडाकडे बघायचा.

एकदा दोघं बाकावर संत्री सोलत बसले असताना खैरुद्दीन सहज म्हणाला, "नसीम विचारते, कधी बोलावता. मी म्हणालो, नवा व्हिसा होऊ दे, मग फॅमिली व्हिसा लावतो. लेक चार वर्षांची झाली. मला ओळखते, पण आवाजावरून." मग त्यानं संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि "अबे ओ, बीच में कौन खड़ा रहेगा, मेरे अब्बा?" असं पोरांवर ओरडला. त्या दिवसापासून त्यांची कुचंबणा सुरू झाली. खोटं सांगायचं तर फुटबॉलशी बेइमानी, आणि खरं सांगायचं तर टीम तेव्हाही हरतच होती. फक्त सात-शून्याऐवजी तीन-एक, दोन-शून्य अशी.

सोमनाथ मयेकरांना विचारलं तर ते म्हणाले, "रीडिंग खाली येतंय ना? मग ट्रेंड चांगला आहे."

अलीमियाँ म्हणाले, "चहा प्या."

शेवटची मॅच शारजात, त्याच सात-शून्यवाल्या कॉलेजशी. त्यांचं मैदान खऱ्या हिरवळीचं. आमची पोरं आधी खाली बसून हात फिरवून बघत होती. या मॅचला बिल्डिंगीतून माणसं आली. सोमनाथ आले, दुकान पुतण्यावर टाकून अलीमियाँ आले. संजनाही आली, तिच्या म्हणण्याप्रमाणे मैत्रिणीला सोडायला.

आणि चमत्कार झाला. विघ्नेशनं मारलेली कॉर्नर किक वाऱ्यानं वळली आणि कोणालाही न विचारता गोलात गेली. ग्रीनक्रेस्ट एक, शारजा शून्य. अशी पाटी यापूर्वी कोणी पाहिली नव्हती. पाटी बदलणाऱ्यानंही आकडे आधी उलटे लावले आणि मग दुरुस्त केले. खैरुद्दीनला आनंद सहन होईना. हाफ टाइमच्या तोंडावर एका थ्रो-इनवरून तो रेफ्रीशी भांडायला थेट मैदानात शिरला. तो दखनीत काय बोलला ते रेफ्रीला कळलं नाही, पण हात कळले. रेफ्रीनं लाल कार्ड काढलं आणि कुंपणाबाहेर बोट दाखवलं.

"आणि आता टीमचा इनचार्ज कोण?" रेफ्रीनं विचारलं. लीगचा नियम असा की बाकावर पासवाला एक तरी जबाबदार माणूस हवा, नाहीतर मॅच समोरच्यांना. कावेरी मॅडम म्हैसूरला गेल्या होत्या. बाकावर पासवाला माणूस एकच होता, आणि त्याच्या मांडीवर लाल पिशवी होती.

पोरं सरनोबतांभोवती गोळा झाली. दीड वर्ष हा माणूस या क्षणाची तयारी करत होता. पायऱ्यांवर, ऑफिसात, अंघोळीच्या वेळी त्यांनी ही टीम हजारदा चालवली होती. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "पाणी प्या."

"सगळ्यांनी?" विघ्नेशनं विचारलं.

"सगळ्यांनी."

आणि मग काहीतरी डावपेच सांगायला हवा म्हणून, पेठेचं नाव आठवून, त्यांनी आवाज चढवला, "घाबरू नका. सब आगे. ॲटॅक."

गोलकीपर हमदुल्ला पेशावरचा, सहा फुटी, आज्ञाधारक. 'सब' म्हटल्यावर तोही सबमध्ये आला. तो मैदानाच्या मध्यावर पोचला असताना शारजाच्या एका पोरानं लांबूनच चेंडू मारला. तो रिकाम्या गोलात संथपणे, टप्पे घेत गेला. सगळे बघत राहिले. एक-एक.

"पीछे," सरनोबत ओरडले. "सब पीछे."

सगळे मागे आले. अकराच्या अकरा जण गोलासमोर उभे राहिले, इतके दाटीवाटीनं की हमदुल्लाला चेंडू दिसेना. तो आपल्याच कोणाच्या तरी पाठीवर आपटून आत गेला. एक-दोन.

कुंपणापलीकडून आवाज आला. खणखणीत, आणि मुद्दाम मराठीत, "हा कोच नव्हे, लग्नात बूट सांभाळणारा पाहुणा आहे."

सोमनाथ, अलीमियाँ, सगळे वळून बघू लागले. स्मितावहिनींनी पदरात तोंड लपवलं. खैरुद्दीन कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते सरनोबतांना फार ओळखीचं वाटलं. बाहेरून सगळं कसं लख्ख दिसतं, आणि आत कोणी ऐकत नाही. ते बाकावर जाऊन बसले. पोरं त्यांच्याकडे बघत होती. "अंकल, क्या करें?" विघ्नेशनं विचारलं.

"जो रोज करते हो, वो करो," सरनोबत म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलंच नव्हतं.

मग ती पोरं खेळू लागली. एकमेकांना नावानं हाका मारत, चुकलं तर हसत. जवळचा पास जवळ जात होता. गेल्या वर्षी याच टीमची पोरं चेंडू आला की तो गरम असल्यासारखा लांब फेकायची. हे कधी झालं? सरनोबत दर शुक्रवारी समोर होते, मग हे होत असताना त्यांनी काय पाहिलं? मॅच संपत आली असताना विघ्नेश डाव्या कडेनं सुटला. पळाला, चेंडू खाली ठेवून आत दिला, आणि मागून हमदुल्ला धावत आला. तो पुन्हा का पुढे आला होता ते कोणी विचारलं नाही. त्यानं पाय लावला. दोन-दोन.

पुढचं कोणालाच नीट सांगता येत नाही. सोमनाथांनी अलीमियाँना उचललं की अलीमियाँनी सोमनाथांना, यावर आजही वाद आहे. संजना, मैत्रिणीला सोडायला आलेली, "दॅट्स माय डॅड" असं अनोळखी माणसांना सांगत सुटली. शारजाच्या पोरांना कळेना की बरोबरी झाल्यावर ही माणसं एवढी का नाचतायत. खैरुद्दीन कुंपणावर चढला. उतरताना त्याची विजार जाळीत अडकून टर्रकन फाटली, आणि तो गुडघ्यावर पडला. सरनोबत पिशवी घेऊन धावले.

"नक्को," खैरुद्दीन खाली पडल्या पडल्या म्हणाला. "मियाँ, बाम नक्को. मी बरा आहे. बघा, उठतो."

उठता उठता त्यानं सरनोबतांना मिठी मारली. दोघंही घामानं आणि हिरवळीनं भरले होते, आणि दोघांपैकी कोणी पहिल्यांदा डोळे पुसले हे दोघंही एकमेकांवर ढकलतात.

आठ दिवसांनी मॅनेजमेंटची मीटिंग. कावेरी मॅडम होत्या, आणि कॉलेजचे अरबी भागीदार होते, पायघोळ पांढऱ्या कंदुऱ्यातले प्रौढ गृहस्थ. सरनोबतांनी टाय बांधला होता आणि तासभर पुरेल एवढं भाषण पाठ केलं होतं. उभे राहिले आणि भाषण गेलं.

"मॅडम, हाफ टाइमला टीम माझ्या हातात आली तेव्हा आपण एका गोलनं पुढे होतो," ते हिंदी-इंग्रजीत, जमेल तसं म्हणाले. "मी शिकवायला लागलो आणि आपण मागे पडलो. मग मी गप्प बसलो, तर कोचनं जे शिकवलं होतं ते पोरांनी केलं. प्रगती आहे. आता मला विचाराल तर ती कशी आली हे मला कळलेलं नाही. मी तिच्याकडे पाठ करून भांडत होतो."

"पण आपण अजून एकही मॅच जिंकलेली नाही," कावेरी मॅडम म्हणाल्या.

"नाही."

"तरीही?"

"मॅडम, गेल्या वर्षी मॅच संपली की पोरं बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसायची. आता चढायच्या आधी जागेवरून भांडतात, आणि शुक्रवारी न येणाऱ्याच्या घरी फोन करतात."

भागीदारांनी मॅडमकडून सगळं नीट समजून घेतलं. "आणि तो कीपर," त्यांनी विचारलं, "दोन्ही वेळा पुढे का गेला?"

"एकदा माझ्यामुळे," सरनोबत म्हणाले, "आणि एकदा आनंदानं."

ते गृहस्थ पोट धरून हसले. "खलास," ते म्हणाले, म्हणजे त्यांच्या अरबीत ठरलं. "व्हिसा."

फॅमिली व्हिसाचे कागद व्हायला उन्हाळा उजाडला. नसीम आणि लेक आली त्या आठवड्यात सरनोबतांकडे जेवण झालं. स्मितावहिनींनी पुरणपोळ्या केल्या. सोमनाथ आले, अलीमियाँनी खालून कबाब आणले. लेक बापाच्या शिट्टीवर हक्क सांगून बसली होती आणि मधूनमधून ती वाजवत होती. एसी लावूनही खोलीत गरम होत होतं, पण कोणी उठायला तयार नव्हतं.

पोळीवर तूप घेता घेता नसीमनं आपल्या नांदेडच्या मराठीत विचारलं, "भाऊ, तुम्ही खरं सांगा. यांची टीम कशी काय आहे? फोनवर तर म्हणत होते, दुबईत आमचं लई नाव आहे."

खैरुद्दीन ताटाकडे बघू लागला. सोमनाथांनी काही बोलायला घास गिळला, पण स्मितावहिनींनी त्यांच्या पानात आणखी एक पोळी टाकली.

सरनोबतांनी हात पुसला. "वहिनी," ते म्हणाले, "टीम आता हरताना फार छान खेळते."

नसीमनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सरनोबतांकडे, आणि थोडा विचार केला.

"मग मी पण येते बघायला," ती म्हणाली. "सीझन लागला की सांगा, पहिल्यांदा कुठं हरणार आहात."